पान उलटायचं राहिलं

कापणी सुरू झाली की दोन-तीन आठवडे मी घरच्यांना जरा विचित्र वाटतो. बोलता बोलता मध्येच थांबतो, वाढलेलं ताट पुढे ठेवून नुसता बसतो. सगुणा, माझी बायको, काही विचारत नाही. तिला कारण ठाऊक आहे.

यंदाही हळवी भातं कापून झाली, उशिरा येणारी गरवी उभी आहेत. सकाळी दवाखान्याचं दार उघडलं की समोरच्या शेतातून दवाने भिजलेल्या पेंढ्याचा गोडसर वास आत येतो. विळ्यांचा खसखस आवाज येतो. माथेरानच्या डोंगरावर ऊन आधी पडतं आणि मग हळूहळू खाली आमच्या खाचरांपर्यंत उतरतं. वर्षाचं भात घरात यायच्या या दिवसांत सगळा कडाव गाव खुशीत असतो. मी मात्र तो वास आला की डावा हात चाचपून बघतो. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत हात बधिर झाल्यासारखा वाटतो. या हाताला कधीही काहीही झालेलं नाही, हे मी डॉक्टर म्हणून खात्रीने सांगू शकतो.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी मी डॉक्टर नव्हतो. कडावच्या मराठी शाळेत मास्तर होतो. त्याआधी दोन वर्षं चौकच्या शाळेत काढली होती. कल्याणला मामाकडे राहून मॅट्रिक झालेला आमच्या शेतकरी भावकीतला मी पहिलाच. शहरात कुठेही कारकुनी मिळाली असती, पण वडील गेले, शेती बघायला घरचं माणूस हवं होतं, म्हणून मास्तरकी धरली. वय चौतीस. थोरली चंद्रा नऊ वर्षांची, बाळू तीन वर्षांचा. संसार सुखाचा होता असं मी तेव्हा म्हटलं नसतं, कारण सुखाचा नसलेला संसार मी पाहिला नव्हता.

शाळेला सरकारातून औषधांची एक लाकडी पेटी मिळाली होती. तिच्यात हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या, एरंडेल, आयोडीन, डोळ्यांत घालायचं औषध असं काय काय होतं. सर्पदंशासाठी लाकडी मुठीची एक लहानशी सुरी होती आणि तिच्या मुठीच्या पोकळीत परमँगनेटचे जांभळे खडे. सोबत एक मराठी पुस्तिका, कुठल्या दुखण्याला काय करावं ते सांगणारी.

पाऊस ओसरला, भातं पिवळी पडू लागली की आमच्याकडे हिवताप येतो. तेव्हा तर घरंच्या घरं गोधड्या पांघरून कुडकुडत पडलेली असत. मी शाळा सुटल्यावर पुड्या घेऊन फिरायचो. ज्यांना वेळेवर पुडी मिळाली ती माणसं चार दिवसांत उठून कापणीला जात. "मास्तराच्या हाताला गुण हाय," लोक म्हणत. हे वाक्य माणसाने फार वेळा ऐकू नये. मी फार वेळा ऐकलं.

पुड्या संपल्या की मी कर्जतला दवाखान्यात जायचो. तिथले डॉक्टर पन्नाशीचे, मूळचे देशावरचे, थोडं बोलणारे. मी नाडीबद्दल, हिवतापात सुजणाऱ्या प्लीहेबद्दल काही विचारलं की आधी माझ्याकडे चष्म्यावरून बघत आणि मग सविस्तर उत्तर देत. पुढे त्यांनी मला इंग्रजी पुस्तकं वाचायला दिली. एका दुपारी पुस्तक परत द्यायला गेलो, तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, पुण्याला वैद्यकीय शाळेत चार वर्षांचा अभ्यास आहे. तुमचं मॅट्रिक झालेलं आहे. वय जास्त आहे खरं, पण मी शिफारस लिहीन."

"मला बायको आहे, दोन मुलं आहेत," मी म्हणालो.

"मलाही होती." ते खिडकीतून स्टेशनाकडे बघत होते. घाट चढायच्या गाडीला मागून इंजिन जोडत होते, त्याचा धक्का बसल्याचा आवाज आला. "माझा मुलगा मला दर महिन्याला पत्र लिहितो. पत्रात व्याकरणाची एकही चूक नसते, परक्याला लिहावं तसं."

एवढं स्पष्ट सांगूनही मला ते ऐकू आलं नाही. मी अर्ज केला. घरी बोललो नाही. जागा काही मिळायची नाही, मग उगाच सगुणाला कशाला घोर, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं कारण वेगळं होतं. तिने 'नको' म्हटलं असतं तर मला अर्ज फाडावा लागला असता.

पत्र आलं ते ऐन कापणीत. शाळेला सुट्टी होती आणि आम्ही सगळे शेतावर होतो. आमच्याकडे कापणीला डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली ठाकर मंडळी येत. त्यात हिरू आणि तिचा नवरा बुधा हे दोघं दरवर्षीचे. हिरू विशी-बाविशीची, सगळ्यांच्या पुढे कापत जाणारी. डाव्या मुठीत धाटं गोळा करायची आणि उजव्या हाताने विळा असा ओढायची की मागे राहिलेला खुंट सारख्या उंचीचा, जणू मोजून कापल्यासारखा.

टपालवाला बांधावरूनच ओरडत आला. इंग्रजी लिफाफा बघून म्हणाला, "मास्तर, बदली का काय?"

मी उभ्या उभ्या पत्र वाचलं. आनंदाच्या भरात तोंडातून निघून गेलं, "बदली नव्हे. पुण्याला डॉक्टरकीच्या शाळेत जागा मिळाली."

सगुणा तीन ओळी पलीकडे कापत होती. तिचा विळा थांबला. मग पुन्हा चालू झाला. बाकीचे कापणारे वळून बघत होते. ती वळली नाही.

दुपारी झाडाखाली भाकरी खाताना तिने विचारलं, "किती वर्सं?"

"चार."

"बाळू तवा किती वर्साचा व्हईल?"

"सात."

"आन चंद्रा?"

"तेरा." हे आकडे मला अवघड नव्हते, पण त्यांची बेरीज मी तोवर केलेली नव्हती.

"आन ह्ये?" तिने हात पोटावर ठेवला. मला कळायला वेळ लागला. ती म्हणाली, "चौथा म्हैना हाय. दिवाळी झाल्यावर सांगनार व्हते. तुमी मला सांगितलं नाय, मी तुमाला सांगितलं नाय. फिटंफाट झाली."

ज्या बाईशी बारा वर्षं संसार केला, जिला मी स्वतः पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं, तिच्या पोटात चार महिने एक जीव वाढत होता आणि मी घरोघर फिरून लोकांच्या प्लीहा चाचपत होतो.

त्यानंतरचे आठ दिवस आठवले की वाटतं, ते एखाद्या दुसऱ्याच माणसाचे असावेत. जानेवारीत पुण्याला हजर व्हायचं होतं. मी दिवसभर शेतात असायचो आणि मनात मात्र सारखं चाललेलं. एका बाजूला आदल्या वर्षी वाडीत बाळंतपणात गेलेली एक मुलगी, जिच्या दाराशी मी पेटी घेऊन उभा राहिलो आणि पेटीत तिच्यासाठी काहीच नव्हतं. नेरळपासून पार डोंगरापर्यंत आमच्या बाजूला शिकलेला वैद्य नव्हता. दुसऱ्या बाजूला बाळू. त्याला माझ्या कानाची पाळी धरून झोपायची सवय होती. झोप लागली की त्याची बोटं आपोआप सैल पडत, आणि ती सैल पडली की मी समजायचो, आता उठायला हरकत नाही. असली गोष्ट कुठल्या तराजूत घालायची? मी तिला क्षुल्लक म्हणायचो आणि मग संध्याकाळी तो कानाला हात लावायचा आणि माझं सगळं ठरवलेलं पुसून जायचं.

सगुणा भांडली असती तर बरं झालं असतं. ती एकदाच बोलली. पीठ चाळून कोंडा बाजूला करावा तसं, शांतपणे. "तुमी गेल्यावर पोरांना बाप नसंल आसं काय नाय. त्ये म्हनतील, आमचा बाप पुन्याला हाय. पर तुमाला पोरं नसतील."

मी तिला म्हणालो, की तू मला अडवतेस.

"मी अडवत नाय. काय काय जानार त्ये सांगते."

नवव्या दिवशी सकाळी हिरूला फुरसं डसलं.

फुरसं हा आमच्याकडचा लहानसा विषारी साप, कापलेल्या भाताच्या पेंढ्यांखाली गुंडाळून बसणारा. हिरू पेंढी बांधायला वाकली आणि तिने डावा हात झटकला. ओरडली नाही. हात समोर धरून बघत राहिली. मधल्या बोटावर दोन ठिपके होते. बुधाने काठीने साप मारला तोवर मी पेटी आणायला पळालो होतो.

मला आज स्वतःची लाज वाटते ती एका गोष्टीची, की मी त्या वेळी घाबरलो नव्हतो. मी खुश होतो. दोन वर्षं पेटीत पडून असलेली ती सुरी आता माझ्या हातात होती. पुस्तिकेतलं पान मला पाठ होतं. धोतराची पट्टी फाडून मनगटाच्या वर आवळली, काडी घालून पिळली, डंखावर छेद घेतला, जांभळे खडे चोळले. कापणारे गोल करून उभे होते आणि मला त्यांचं बघणं जाणवत होतं.

मग गाडी जुंपून कर्जतला निघालो. सगुणाने हिरूचं डोकं मांडीवर घेतलं. बुधा बैलांपुढे चालत होता. वाटेत ओढ्याला अजून पाणी होतं, बैल थबकले, बराच वेळ गेला. हिरू कण्हत होती. तिचा हात सुजून पट्टीच्या खाली काळसर निळा दिसायला लागला होता.

"आवो," सगुणा म्हणाली, "पट्टी वाईच सैल करा. हात बघा कसा झालाय."

"ते विषानं होतंय," मी म्हणालो. "सैल केली की विष वर चढंल. पुस्तकात लिहिलंय, आवळून बांधावी."

"बोटं गार पडल्यात."

"सगुणा, मला कळतं काय करायचं ते."

थोड्या वेळाने तिने पुन्हा सांगितलं. मी बुधाला बैल हाकायला सांगितलं. कर्जतला पोचलो तर डॉक्टर कुणाच्या तरी तपासणीला बाहेर गेलेले. कंपाउंडर म्हणाला, साहेब येईपर्यंत मी हात लावणार नाही. मीही पट्टीला हात लावला नाही. ऊन डोक्यावरून पलीकडे कललं तेव्हा डॉक्टर आले. त्यांनी एकदा हाताकडे बघितलं आणि पट्टी कापून काढली. ती कापताना त्यांनी विचारलं, "ही कधी बांधली?"

"सकाळी. न्याहारीच्या वेळेला."

"मध्ये सोडली होती?"

"नाही."

त्यांनी कापलेली पट्टी बाजूला ठेवली आणि हिरूची बोटं एकेक करून दाबून बघितली.

हिरू वाचली. फुरशाचं विष म्हणे त्या दिवशी फार उतरलंच नव्हतं. कधी कधी असं होतं. हात मात्र मेला. तीन दिवस डॉक्टरांनी वाट बघितली. चौथ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "कोपराखाली कापावा लागेल. तुम्ही धरा."

मला वाटलं होतं ते मला बाहेर जायला सांगतील. त्यांनी मला हिरूचा खांदा आणि दंड धरायला उभं केलं. क्लोरोफॉर्म दिलेला होता. करवतीच्या आवाजाचं वर्णन मी करणार नाही. मी डोळे मिटले नाहीत, कारण ते एकदाच म्हणाले होते, "डोळे मिटायचे नाहीत."

सगळं झाल्यावर हात धुताना ते म्हणाले, "रक्ताला तुम्ही घाबरत नाही. पुण्याला जा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "एवढं झाल्यावर?"

"एवढं झालं म्हणूनच. अर्धं शिकलेला माणूस गावात ठेवून मी त्याच्या हातात पेटी देत होतो. चूक माझीही आहे."

घरी आलो. सगुणा ओटीवर बसली होती. तिच्यापुढे पेटीतली पुस्तिका उघडी होती. ती वाचायला शिकली होती खरी, पण तिचं वाचणं म्हणजे एकेका अक्षराखाली बोट ठेवून. मी पायरीवर बसलो. तिने मान वर केली नाही. वाचायला लागली.

"दं-शा-च्या व-र प-ट्टी आ-व-ळू-न बां-धा-वी." तिथे पान संपत होतं. तिने बोट ओलं केलं आणि पान उलटलं. "प-रं-तु द-र अ-र्ध्या ता-सा-ने ती क्ष-ण-भ-र सै-ल क-रा-वी, ना-ही त-र..."

"पुरे," मी म्हणालो.

ती थांबली नाही. वाक्य पुरं केलं. नाहीतर अवयव नासण्याचा संभव आहे. एवढंच होतं पुढे. मी ते पान शंभरदा वाचलं होतं. पहिलं पान. उलटलं होतं की नव्हतं, वाचून विसरलो की वाचलंच नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. समोरचं अंगण, तुळस, वाळत घातलेली चंद्राची परकर-पोलकी, सगळं होतं तिथेच होतं आणि कशाचाच कशाशी संबंध नव्हता.

सगुणाने पुस्तिका मिटली. म्हणाली, "आता जायाच पायजे तुमी."

"तूच म्हणत होतीस—"

"व्हते. ते समदं तसंच हाय. जानार ते जानारच हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "पर आता हितं ऱ्हायलात तर रोज कुनीतरी दारात येनार, आन तुमी पेटी उघडनार. लोकं ऐकायची नायत. नायतर पेटी उघडायची नाय म्हनून घरात बसाल, आन मग मला तुमच्याकडं बघवनार नाय. जावा. पुरं शिकून या."

मी तिच्याकडून 'नको' ऐकायची तयारी केली होती. 'जा' ऐकायची केली नव्हती.

गावाने तर मला आणखीनच सुन्न केलं. गावात गाजावाजा झाला तो असा, की फुरसं डसलेली बाई मास्तराने वाचवली. हात गेला तो विषाने. जीव तर राहिला. शाळेच्या वाटेवर लोक थांबवून कौतुक करायचे. बुधा दुसऱ्या आठवड्यात आला, राहिलेलं गरवं भात एकट्याने कापून गेला. जाताना म्हणाला, "मास्तर, तुझं उपकार झालं." मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "हिरूला जप." एवढंच बोलून घरात आलो आणि धान्याच्या कणगीमागे जाऊन उभा राहिलो, मुलांना तोंड दिसू नये म्हणून.

जानेवारीत गेलो.

पुण्याच्या चार वर्षांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते लिहायला बसलो की हाती लागतं ते भलतंच. माझ्या वर्गात विशीतली मुलं होती, ती मला 'काका' म्हणत. पहिल्यांदा एका मुलाने काका म्हटलं तेव्हा मी बाळूचा आवाज समजून मागे वळलो. वैशाखात सगुणा बाळंत झाली, मुलगी झाली. पत्र चंद्राने लिहिलं होतं, तिच्या मोठ्या, उजवीकडे कललेल्या अक्षरात. परीक्षा आटोपून मी जून महिन्यात जाऊन मुलीला बघितलं. नाव वत्सला ठेवलेलं होतं. मला विचारलं नव्हतं, आणि का विचारलं नाही असं मीही विचारलं नाही.

पहिल्या वर्षी बाळू मी निघताना स्टेशनापर्यंत येऊन रडायचा. दुसऱ्या वर्षी गावाच्या वेशीपर्यंत आला. तिसऱ्या वर्षी विटीदांडू खेळत होता, तिथूनच त्याने हात केला. चंद्राचं लग्न ठरलं ते माझ्या शेवटच्या वर्षात, भावकीतल्या माणसांनी आणि सगुणाने मिळून ठरवलं. मी दोन दिवसांसाठी आलो. अंतरपाटापलीकडे उभी असलेली मुलगी मला ओळखू यायला क्षणभर लागला, आणि तो क्षण तिने बघितला. नंतरचे दहा महिने इस्पितळातल्या पाळ्या आणि शेवटची परीक्षा यांत गेले. घरी येणं झालंच नाही.

पास झालो. छत्तीस-सदतीस वर्षांपर्यंत माणूस पुष्कळ काही गमावू शकतो याची कल्पना होती. अडतीसाव्या वर्षी ते सगळं एकदम मोजून दाखवलं जाईल याची नव्हती.

परत आलो तेव्हा पुन्हा कापणीच चालली होती. गावात आमच्याच पडवीत दवाखाना सुरू केला. टेबल मांडलं, बाटल्या लावल्या. आणि पहिलं माणूस आलं ती हिरू.

काखेत वर्षाचं मूल होतं, तापाने फणफणलेलं. डावा हात कोपराखाली संपत होता, त्या थोटक्या हातानेच तिने मुलाला अंगाशी दाबून धरलं होतं. मी उठून उभा राहिलो. पुण्यात चार वर्षं जे वाक्य तयार केलं होतं ते तोंडात येईना. शेवटी म्हणालो, "हिरू, आधी एक ऐक. तुझा हात विषानं गेला नाही. मी पट्टी सोडली नाही म्हणून गेला. सोडायची असते. पुस्तकात होतं. मी वाचलं नाही."

"माला ठावं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं तिला कळलंच नाही.

"तुझी बायको आली व्हती वाडीवर. तू गाडीत बसून गेलास ना पुन्याला, त्याच्या दुसऱ्या दिशी. समदं सांगितलंन." तिने मूल टेबलावर ठेवलं. "बुधा चिडला. दोन दिस भाकर खाल्ली नाय त्यानं. मंग ती दर कापनीला येयाची. मी थोटक्यानं धाटं दाबून कापायची, ती माझ्यासाठनं पेंढ्या बांधायची. माला एका हातानं बांधता येत नाय."

सगुणाने यातलं एक अक्षर मला लिहिलं नव्हतं. चार वर्षं. पोटुशी असताना ती ठाकरवाडीचा चढ चढून गेली होती, माझी चूक आपल्या तोंडाने सांगायला.

"मग तू माझ्याकडे का आलीस? कर्जतचा दवाखाना आहे," मी म्हणालो.

हिरूने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी फार साधी गोष्ट विचारतोय. "ज्याच्या हातनं माझा हात गेला, तो आता इसरंल काय? बघ पोराला. दूध पीत नाय."

मी मुलाला तपासलं. छातीत कफ होता. पाठ असलेलं औषधाचं प्रमाण पुस्तकात पुन्हा बघितलं. औषध दिलं, तीन दिवस रोज वाडीवर जाऊन आलो. मूल बरं झालं. ते आता शाळेत जातं.

पण त्याच्या आदल्या दिवशीची, मी घरी पोचलो त्या दिवसाची गोष्ट सांगायची राहिली, आणि खरं म्हणजे ती सांगायचं मी टाळतोच आहे.

कर्जतला गाडीतून उतरलो ते सकाळीच. पत्र पोचलं नसावं, कारण स्टेशनावर कुणी नव्हतं. ओळखीच्या एका गाडीवानाने कडावपर्यंत आणलं. अंगावर कोट, डोक्याला टोपी, हातात चामड्याची काळी बॅग. अंगणात सगुणा सुपाने भात पाखडत होती. केसांत पुढे दोन-चार पांढरे आले होते. तिच्या पाठीशी साडेतीन वर्षांची वत्सला तुसांचा ढीग करून खेळत होती. मला बघून ती उठली आणि आईच्या आड गेली. लुगड्याचा पदर मुठीत धरून एका डोळ्याने बघायला लागली.

"आये, ह्ये कोन गं?"

सगुणाने सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो. एक शब्द तिने म्हणायचा होता आणि तो तिने म्हणावा म्हणून मी अंगणात तसाच उभा होतो. ती रागावलेली दिसत नव्हती. थट्टाही करत नव्हती. मुलीला कळेल असं खरं उत्तर शोधत होती, असं मला वाटतं.

"डागतर हायत," ती म्हणाली.

वत्सलाने बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुनाला बरं नाय?"

"कुनाला नाय. त्ये हितंच ऱ्हानार हायत आता."

मुलीने थोडा विचार केला. मग घरात गेली, दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी सांडत सांडत बाहेर आली, आणि परक्या माणसापुढे ठेवतात तसा तो माझ्यापासून हातभर अंतरावर ठेवून मागे सरली.

मी वाकून तांब्या उचलला आणि ते पाणी उभ्यानेच प्यालो. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि आपल्या घरात कुणी म्हणायची वाट बघायची नसते, हे मला त्या वेळी सुचलंच नाही.